सावलीतल्या फुलाचे भाषांतर

‘ब्लीडिंग हार्ट’ या नावाचे एक फूल आहे. परदेशी उद्यानांच्या छायाचित्रांत ते हटकून भेटते. कमानीसारखी वाकलेली नाजूक डहाळी, तिला ओळीने लोंबणारी गुलाबी बदामी आकाराची फुले, प्रत्येक फुलाच्या टोकाशी पांढरा थेंब. फुलाचे रूप मोहक आहे, आणि नाव तर त्याहूनही. शिवाय ते सावलीत फुलते. बोरीवलीसारख्या उपनगरात, जिथे एका इमारतीची सावली दुसरीच्या गॅलरीत दिवसभर मुक्काम ठोकून असते, तिथल्या बागप्रेमी माणसाला या झाडाचा मोह पडला तर नवल नाही. नेमका हाच मोह आम्हांला वाङ्मयीन चर्चेचा विषय वाटतो. कारण तो झाडाचा असतो त्याहून अधिक नावाचा असतो, आणि नावाच्या मोहातून जे घडते ते आपल्या भाषांतरव्यवहारात, अभ्यासक्रमात आणि समीक्षेतही वारंवार घडत आले आहे.

आधी झाडाविषयी. वनस्पतिशास्त्रात त्याचे आजचे नाव लॅम्प्रोकॅप्नोस स्पेक्टाबिलिस. त्यापूर्वी बराच काळ ते डायसेंट्रा या कुळनामाने ओळखले जाई. मूळ प्रदेश सैबेरिया, उत्तर चीन, कोरिया आणि जपान. जमिनीखाली मांसल मुळे असलेली ही बहुवर्षायू वनस्पती वसंतात उगवते, फुलते, आणि उन्हाळा तापू लागला की पाने पिवळी पडून दिसेनाशी होते. पुढच्या वसंतापर्यंत ती जमिनीखाली निजलेली असते. तिला ओलसर, पालापाचोळा कुजून भुसभुशीत झालेली माती लागते, झाडांखालची विरळ सावली लागते, आणि या सगळ्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे कडाक्याचा हिवाळा लागतो. त्या गारठ्यावाचून तिच्या मुळांना पुन्हा जागे होण्याची खूणच पटत नाही.

बोरीवलीत बाकी सारे जमवता येईल. हिवाळा कुठून आणणार? आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा पंधरा अंशांच्या आसपास उतरला की माणसे स्वेटर शोधू लागतात आणि वर्तमानपत्रे ‘मुंबई गारठली’ असे मथळे देतात. या झाडाच्या हिशेबी तो हिवाळा नव्हेच. त्यात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक कोसळणारा पाऊस. निचरा नसलेल्या कुंडीत ती मांसल मुळे कुजायला तेवढे पुरेसे आहे. तेव्हा कोणी बियांचे पाकीट हाती ठेवून ‘मुंबईतही येते’ असे सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. हे झाड इथे रुजवणे म्हणजे त्याला दरवर्षी शीतपेटीत निजवून काढणे होय. हौस म्हणून कोणी तेही करील. पण त्याला बाग म्हणता यायचे नाही.

आता नावाकडे वळू. इंग्रजी वाचकाला हे फूल जुन्या इंग्लिश खेडुती बागेचे अविभाज्य अंग वाटते. वास्तविक रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पतिसंग्राहकाने ते १८४६ साली चीनमधून इंग्लंडला पाठवले, आणि त्यानंतरच ते तिकडच्या बागांत पसरले. वर्ड्‌स्वर्थचा मृत्यू १८५०चा. म्हणजे ज्याला आपण अस्सल इंग्लिश समजतो ते फूल त्या कवीच्या अगदी अखेरच्या वर्षांत तिथे येऊन पोचलेले उपरे पीक होते. इंग्रजांनी झाड घेतले आणि नाव मात्र स्वतःचे दिले. चिनी भाषेत त्याला ‘हपाओ मूदान’ म्हणतात. हपाओ म्हणजे कमरेला लटकवायचा भरतकामाचा बटवा, आणि मूदान म्हणजे पिओनी, कारण पाने पिओनीच्या पानांसारखी. चिनी डोळ्याला तिथे हृदय दिसलेच नाही. दिसला तो बटवा. जर्मनांनी त्याला अश्रू ढाळणारे हृदय म्हटले, फ्रेंचांनी मेरीचे हृदय. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या ग्रीक नावात तर हृदयही नाही आणि बटवाही नाही. तिथे उजळ धूर आहे.

जपानी नाव आम्हांला सर्वांत विचार करण्याजोगे वाटते. ते ‘केमानसो’. ‘केमान’ म्हणजे बौद्ध मंदिरांत टांगायचा अलंकार; त्याचे मूळ पूज्य व्यक्तीला अर्पण करावयाच्या भारतीय पुष्पमालेत आहे. ‘सो’ म्हणजे वनस्पती. ज्या बोरीवलीच्या डोंगरात कान्हेरीची शंभरहून अधिक बौद्ध लेणी आहेत, तिथल्या माणसाला ‘रक्त गळणारे हृदय’ या कल्पनेपेक्षा देवळात टांगलेली ही माळ खरे तर अधिक जवळची वाटायला हवी. पण आपल्याकडे ते फूल आले ते इंग्रजीच्या वाटेने. म्हणून आपल्या मनात उमटले तेही इंग्रजी नाव.

एकाच फुलाची ही चार-पाच वाचने आहेत, आणि त्यांतले कोणतेही चूक नाही. वस्तू एक, पण पाहणारा समाज आपापल्या घरातली उपमा तिच्यावर घालतो. हेच नाव शब्दशः मराठीत आणायचे तर ‘रक्तस्रावी हृदय’ असा काही रुग्णालयातला प्रकार हाती लागतो. थोडे सावरून ‘रक्ताळलेले काळीज’ म्हणावे तर तेही जमत नाही. मराठीत काळजाला घरे पडतात, काळीज चर्र होते, तुटते, हलते. ते थेंबाथेंबाने गळत मात्र नाही. आणि पत्त्यांतल्या बदामाचा जो आकार पाश्चात्त्य डोळ्याला ‘हृदय’ म्हणून दिसतो, तो आपल्या सोनाराने फार पूर्वी पिंपळपान म्हणून ओळखून लहान मुलांच्या कपाळावर लटकवला आहे. आमच्या आजीच्या पिढीतल्या एखाद्या बाईने ही फुले पाहिली असती तर तिने त्यांना निःसंशय ‘डूल’ म्हटले असते.

बोरीवलीतल्या नर्सरीत जाऊन ‘ब्लीडिंग हार्ट’ मागितले तर माळी रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. तो एक वेल देतो: गडद हिरवी पाने, कागदी पांढऱ्या निदलपुंजांचे घोस, आणि त्या पांढऱ्यातून डोकावणारे लालभडक फूल. ही वेल म्हणजे क्लेरोडेंड्रम थॉमसोनी. वरच्या झाडाशी तिचे काही नाते नाही. ती पश्चिम आफ्रिकेतली. नायजेरियात काम करणाऱ्या विल्यम कूपर थॉमसन या मिशनऱ्याच्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ तिला हे नाव मिळाले. म्हणजे या नावामागेही एक शोक आहेच, फक्त तो वेगळ्या माणसाचा.

ही वेल मुंबईत उत्तम येते. सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन आणि उरलेला दिवस उजेडाची सावली एवढे तिला पुरते; मात्र गडद अंधाऱ्या कोपऱ्यात ती नुसती पाने वाढवते, फुलत नाही. फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून बहर ओसरला की छाटणी करावी. थंडीच्या दिवसांत पाणी कमी करावे. ज्याला केवळ नावाची हौस आहे त्याची इथे सोय झाली. भाषांतराच्या परिभाषेत बोलायचे तर हे नामसाधर्म्यावर भागवलेले भाषांतर आहे. ते टाकाऊ मुळीच नाही. पण मूळ झाडाचा जो खरा स्वभाव, म्हणजे सावलीत एकाएकी उगवणे, फुलणे, नाहीसे होणे आणि वर्षाने पुन्हा परत येणे, तो या वेलीत नाही. ती बारा महिने हिरवीगार उभी असते.

मग प्रश्न असा विचारावा, की ते फूल त्याच्या मूळ ठिकाणी कोणते काम करते? आणि आपल्या ठिकाणी तेच काम कोण करते? भाषांतराचा अभ्यास करणाऱ्यांना हा प्रश्न अपरिचित नाही. शब्दाला शब्द ठेवण्याऐवजी परिणामाला परिणाम शोधावा, हे आपण वर्गात शिकवतो. बागेत मात्र आपण शब्दालाच चिकटून बसतो.

या प्रश्नाचे उत्तर बोरीवलीत तरी दाराशीच आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सुमारे शंभर चौरस किलोमीटरच्या रानात मोठ्या झाडांच्या पायथ्याशी जी सावली आहे, ती काही ओसाड नाही. तिथे वर्षाचे सहा-सात महिने जमिनीखाली निजणाऱ्या आणि पावसाच्या चाहुलीने उठणाऱ्या कंदांचा एक मोठा गोतावळा पश्चिम घाटाच्या आणि कोकणाच्या रानांतून चालत आलेला आहे. ब्लीडिंग हार्ट कडक थंडीत निजते, हे कंद कोरड्या काळात निजतात. इतकाच फरक. त्याचे घड्याळ हिमावर चालते आणि यांचे पावसावर. मराठीत माणसाचे वयसुद्धा आपण पाहिलेल्या पावसाळ्यांवर मोजतो. मग आपल्या बागेने हिवाळे का मोजावेत?

भुईचाफा घ्या. भर उन्हाळ्यात, पानाचा मागमूस नसताना, तो थेट मातीतून फूल वर काढतो: पांढुरके, जांभळट ओठाचे, सुगंधी. फुले संपली की पाने येतात, वरून नक्षीदार आणि खालून जांभळट. ती पावसाळाभर सावलीत शोभतात आणि हिवाळ्याच्या तोंडाशी वाळून जातात. नर्सरीत कंद मिळतात. रुंद, उथळ कुंडी, तळाशी खापऱ्या, माती, वाळू आणि कुजलेला पालापाचोळा समभाग, कंद दोन बोटे खोल. एवढी सिद्धता पुरे.

पेव घ्या. मळसूत्रासारखे वळत जाणारे खोड, त्याच्या टोकाला तांबड्या छदांचे बोंड, आणि त्यातून श्रावण-भाद्रपदात एकेक उमलणारे चुरगळल्या तलम कागदासारखे पांढरे फूल. पेव कुंडीपेक्षा जमिनीत रमते आणि इमारतीमागच्या ओलसर पट्टीत पुरुषभर उंच होते. रानहळदीचे गुलाबी तुऱ्याखाली पिवळी फुले मिरवणारे कणीस त्याहून बुटके. ते मोठ्या कुंडीत सहज मावते. भारंगी तर नर्सरीतल्या त्या आफ्रिकी वेलीची जवळची आप्तच. दोघी क्लेरोडेंड्रमच्याच घराण्यातल्या मानल्या जात, अलीकडे शास्त्रज्ञांनी भारंगीला वेगळे बिऱ्हाड करून दिले आहे. तिच्या निळसर फुलांच्या तुऱ्यापेक्षा तिच्या कोवळ्या पानांची भाजीच आपल्या लोकांना जास्त ठाऊक आहे.

आणि शेवळ. पहिल्या सरींबरोबर जमिनीतून नुसता कोंब येतो, तोच त्याचा पुष्पविन्यास, पान मागाहून. पालघर-ठाण्याकडच्या आदिवासी बाया जूनच्या आरंभी त्याच्या जुड्या उपनगरांतल्या बाजारांत आणतात, सोबत काकडांची आंबट फळे, कारण शेवळाची खाज काकडांवाचून मरत नाही. जे इतरांच्या ताटात भाजी म्हणून येते ते वास्तविक एका सावलीतल्या कंदाचे फूल आहे, हे खाणाऱ्याच्या क्वचितच ध्यानात येते. कळलावीचाही उल्लेख करायला हवा. तिला पायाशी सावली आणि माथ्यावर ऊन लागते, म्हणून ती कुंपणाशी चढवावी; मात्र तिचा कंद अत्यंत विषारी, तेव्हा लहान मुले असलेल्या घरी ती नसलेली बरी. विषाची गोष्ट निघालीच आहे तर हेही सांगावे, की ब्लीडिंग हार्टच्या अंगातही विषारी अल्कलॉइडे असतातच. नाजूक दिसणे म्हणजे निरुपद्रवी असणे नव्हे.

या सर्वांच्या जोपासनेत एकच पथ्य अवघड आहे, आणि ते हाताचे नसून मनाचे आहे. दिवाळीनंतर पाने पिवळी पडू लागली की पाणी हळूहळू तोडावे, पाने पूर्ण वाळली की कुंडी पावसा-पाण्यापासून बाजूला ठेवावी, आणि मग चार-पाच महिने काही करू नये. बहुतेक कंद याच काळात मरतात. कोणी ‘सुकले वाटते’ म्हणून पाणी घालत राहतो आणि कंद कुजवतो. कोणी रिकामी कुंडी दिसली म्हणून तीत दुसरे रोप लावतो. कोणी माती सकट फेकून देतो. म्हणून कुंडीवर नाव आणि महिना लिहून ठेवावा. पावसाळ्यात गोगलगायी कोवळे कोंब रातोरात फस्त करतात, तेव्हा संध्याकाळी एकदा नजर टाकावी. आणखी एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. हे कंद राष्ट्रीय उद्यानातून उपटून आणू नयेत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा तर आहेच. शिवाय ज्या रानाकडून शिकायचे त्यालाच उणे करून बाग सजवणे हा शहाणपणा नव्हे. कंद वर्षा-दोन वर्षांनी आपणहून वाढतात. ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडून विभागून घ्यावेत.

वाट पाहण्याचा विषय निघाला की कारवी आठवणे अपरिहार्य आहे. याच उद्यानाच्या उतारांवर ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. सात वर्षे नुसती पाने, आठव्या वर्षी सारा डोंगर जांभळा, आणि बी धरून झाले की त्या झाडांचा अंत. कारवी कुंडीतली नव्हे, ती डोंगराचीच. पण सावलीत वाढणाऱ्या जिवाला लागणारा काळ म्हणजे काय, हे तिच्याकडून शिकावे. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपल्या ओठांवर आहे. जो कंद निमूटपणे निजतो आणि ठरल्या वेळी परततो, त्याची आठवण भाषेने तेवढ्या तत्परतेने ठेवलेली नाही असे आम्हांला वाटते. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झाले. महिन्यामहिन्याने बदलणारी सृष्टी मराठी ललितगद्याचा विषय होऊ शकते, हे त्या पुस्तकाने दाखवून दिले. त्यानंतर डॉ. शरदिनी डहाणूकर, मारुती चितमपल्ली यांनी आपापल्या परीने ही वाट रुंद केली. तरीही आमचा असा अनुभव आहे की, मराठीच्या पदव्युत्तर वर्गात डॅफोडिल हे नाव ऐकलेले विद्यार्थी पुष्कळ आणि पेव ओळखणारे बोटांवर मोजण्याइतके निघतात. डॅफोडिल वाचू नये असे आमचे म्हणणे नाही. ज्याने आपल्या ऋतूत उगवणारे एकही फूल नावानिशी पाहिलेले नाही त्याला परक्या ऋतूचे फूलही कवितेत दिसत नाही, तो फक्त शब्द पाठ करतो, एवढेच आमचे म्हणणे आहे.

इथे कोणी म्हणेल, हा तर बागेतला देशीवाद झाला. आक्षेप रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवे. जन्मस्थानावरून झाडांची जात लावण्यात आम्हांला रस नाही. गुलमोहर मादागास्करचा, मिरची आणि बटाटा अमेरिका खंडातले. यांना वगळून कोणती मराठी बाग आणि कोणते मराठी ताट उभे राहणार? आफ्रिकी वेलीला आम्ही वर जागा दिलीच आहे. उलट ब्लीडिंग हार्टच्याच नात्यातली एक पिवळ्या फुलांची वेल भारताच्या हद्दीत, पूर्व हिमालयात, वाढते. पण केवळ भारतीय म्हणून ती बोरीवलीत येईल असे नाही. तेव्हा झाड कुठून आले हा निकष आम्ही मानत नाही. इथल्या ऋतूशी त्याचे जुळते का, हा निकष मानतो. साहित्यातही आम्हांला हीच कसोटी ग्राह्य वाटते. बाहेरून आलेला प्रकार इथल्या पावसात रुजला तर तो इथला. आणि इथे जन्मलेलासुद्धा केवळ शीतपेटीत जगत असेल तर तो परकाच.

एवढा खटाटोप एका फुलापायी कशाला, असेही विचारता येईल. त्याचे उत्तर सावलीत आहे. बोरीवलीच्या जुन्या सोसायट्यांना इमारतीभोवती मातीची एक पट्टी असे. मागच्या बाजूची पट्टी बहुधा सावलीची, म्हणून ‘इथे काही येत नाही’ असे ठरवून टाकलेली. आज या सोसायट्या एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. नव्या इमारती उंच, म्हणून सावली वाढते. आणि माती घटते, कारण जमिनीखाली आणि जमिनीवर वाहने उभी करायची असतात. बाग असलीच तर ती पोडियमच्या स्लॅबवर, हातभर मातीच्या थरात. ज्या सोसायट्या अजून जुन्या आहेत तिथेही मागची पट्टी पेव्हर ब्लॉकने झाकली जाते, कारण सभेत कोणीतरी म्हणतो की नाहीतरी तिथे चिखलच होतो. या एका वाक्यासमोर उभे राहायला आपल्याकडे काय असते? ‘निसर्ग जपा’ हे बोधवाक्य तिथे टिकत नाही, असा आमचा अनुभव आहे. टिकते ते नाव. ‘इथे पेव येते, तिथे भुईचाफा, त्या नळाजवळ शेवळ’ असे म्हणणारा एक माणूस सभेत असला तर चिखलाची जागा एकदम जागा होते. ज्या कोपऱ्यातल्या वस्तूंना नावे नाहीत तो कोपरा फरशीखाली घालायला कोणाचे मन कचरत नाही.

म्हणून साहित्याच्या अध्यापकांना आमची एक सूचना आहे. महाविद्यालयाच्या आवारात उत्तरेकडच्या भिंतीशी एक सावलीचा तुकडा असतोच. मेमध्ये तिथे चार-सहा कंद लावावेत. विद्यार्थ्यांनी ते केव्हा उगवले, केव्हा फुलले, केव्हा गेले, त्याची नोंद ठेवावी, आणि घरच्या वडीलधाऱ्यांना, बाजारातल्या भाजीवालीला, माळ्याला त्या झाडाचे नाव विचारून ती सगळी नावे शेजारी लिहावीत. एकाच कंदाची चार गावची चार नावे हाती आली की नाव म्हणजे वाचन असते, हे त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही. नोव्हेंबरात तो तुकडा रिकामा दिसेल. तेव्हा तो रिकामा नाही हे ज्याला ठाऊक असेल, त्याला कवितेतल्या दोन ओळींमधली जागाही वाचता येईल अशी आमची धारणा आहे.